चार्जवाले काका

रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी शेजारचे काका कुठंही पाच मिनिटं आधीच हजर. जन्म स्टील प्लांटमध्ये भट्टीवर गेलेला. "चार्ज देल्याशिवाय ड्यूटी सोडाची नाई, सूनबाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पुढच्या पाळीच्या माणसाला सगळं सांगून, दाखवून मगच गेटकडे वळायचं. रिसालीतल्या आमच्या घरात त्यांची भट्टी म्हणजे माझी दोन महिन्यांची चिमी.

चिमीचं स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन करायचं. त्यामुळं रक्तातली साखर धाडकन उतरायची. फार उतरली तर झटके, मेंदूला इजा. म्हणून दर तीन तासांनी टाचेला सुई टोचून थेंबभर रक्त मशीनवर बघायचं. मी टोचलं की पोरगी किंचाळायची. काका मात्र तिची टाच तळहातात धरून ऊब द्यायचे, "हो गया, हो गया रानी" म्हणत टोचायचे, आणि ही बया त्यांच्याकडे टुकूटुकू बघत राहायची! पहिलं हसूसुद्धा त्यांनाच दिलं तिनं. नऊ महिने पोटात वागवलं मी, आणि हसू शेजाऱ्याला! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी ते आले तेव्हा मी दारातच म्हटलं, "आज मीच पायतो. तुमी जा."

"आन् चार्ज?"

"माह्या लेकीचा चार्ज मले कोन देनार?" मी दार लावून घेतलं.

चिमी झोपली होती. टोचून रडवायचं कशाला, म्हणून मी तिला तशीच मांडीवर घेऊन बसले. माझ्या मांडीवर इतकी गाढ ती कधीच झोपली नव्हती. मी सुखावले.

अर्ध्या तासानं काका परत दारात. "आकडा सांग, मंग जातो." त्यांनी चिमीला हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. ती झोपली नव्हती, अंग ढिलं पडलं होतं. टोचून पाहिलं तर साखर अठ्ठावीस; हवी सत्तरच्या वर. गालाच्या आतून ग्लुकोज चोळत त्यांनी आम्हाला रिक्षात घातलं.

"बच्चे को कौन देख रहा था?" डॉक्टर कडाडले.

"मेरी शिफ्ट थी, साहब," काका म्हणाले. मी तोंड उघडलं नाही. नंतरही नाही.

औषधं लागू पडत नव्हतीच. त्या दिवसानंतर दूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. बिघाड स्वादुपिंडात एकाच जागी सापडला. सर्जननी तेवढाच तुकडा काढला. परतलो त्या दिवशी काका वेळेच्या पाच मिनिटं आधी आले. टोचायचं काही उरलं नव्हतं. चिमीची टाच हातात घेऊन नुसतेच बसले. "आता चार्ज तुह्याकडे," म्हणाले. तरी पोरगी झेपावली त्यांच्याचकडे. मी पुन्हा जळले.

गेल्या महिन्यात काका गेले. चिमी आता पाच वर्षांची आहे. तेरवीला ती काकूंच्या मांडीवर जाऊन बसली, माझ्या नाही. माझा नवरा चार लोकांत म्हणाला, "काकानं लय केलं आमच्यासाठी. येक दिवस चुकला बिचारा, पन मानूस सोन्याचा."

मी उठून उभी राहिले.

"काका नाई चुकले," मी म्हटलं. "त्या दिवशीची शिफ्ट माही होती."