लुआनकाकांची चुकलेली ओळ

मी आयुष्यात एकोणपन्नास लेख लिहिले. त्यांतला एक साफ चुकीचा निघाला, आणि नेमका तोच लोक अजून मागवून वाचतात. वाचोत बापडे. ज्या माणसानं तो चुकीचा ठरवला त्याची मात्र कुणी चौकशी करत नाही, याचा मला राग येतो. म्हणून हे लिहायला बसले.

लुआन पाओथांग शीमायाओ गावचे. बीजिंगहून दक्षिणेला चार तास बस, मग मिळाला तर ट्रॅक्टर, नाहीतर पाय. मका, गहू आणि थोडे तीळ पिकवायचे. गावाच्या वाद्यमंडळींचे ते प्रमुख. ही मंडळी बिदागी घेत नाहीत आणि लग्नात वाजवत नाहीत. गावात कुणी गेलं की वाजवतात, आणि वर्षाच्या पहिल्या महिन्यात देवाची पालखी दारोदार फिरते तेव्हा वाजवतात. लग्नात वाजवणाऱ्या भाडोत्री वाजंत्र्यांचा विषय निघाला तरी काका बाजूला थुंकायचे.

काका क्वानझ वाजवायचे. वीतभर लाकडी नळी आणि तोंडाशी अंगठ्याएवढं रुंद बोरूचं पान, एवढंच ते वाद्य. पण त्याचा आवाज असा की रडू आवरून बोलणारा माणूस आठवावा. त्याच्याभोवती नळ्यानळ्यांचे शंग, मागं ढोल आणि झांजा.

मी पहिल्यांदा गेले ते पंच्याऐंशी साली, आमच्या संगीत संस्थेचा जडशीळ टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून. काकूंनी दारातच मला खालीवर न्याहाळलं.

“तुम्ही मेलेल्यांची गाणी गोळा करता म्हणे?”

“हो.”

“जिवंतांची संपली वाटतं.”

काकूंचं नाव मियाओ छुनलिंग. जीभ अशी की लागलेलं दुसऱ्या दिवशी कळावं. काका त्यांच्यापुढं मूग गिळून बसायचे आणि मिशीत हसायचे.

या लोकांची शिकण्याची रीत मला तिथंच पहिल्यांदा नीट कळली. पुस्तकात वाचली होती, पण पुस्तकात वाचून पोहायला तरी कुठं येतं? त्यांच्या वहीत स्वरांची अक्षरं असतात, उभ्या ओळींत, बाजूला ठेक्याचे ठिपके. पण ती नुसती हाडं. दोन स्वरांच्या मधली वळणं, हेलकावे, “आ” आणि “हाय” करत घेतलेले श्वास वहीत कुठंच नसतात. ते गुरूच्या तोंडून उचलायचे. हिवाळ्यात शेतं रिकामी झाली की सगळे घरातल्या, खालून चुलीच्या धगीनं तापणाऱ्या ओट्यावर मांडी घालून बसतात आणि वही गातात. तीन हिवाळे गायचं, मगच वाद्याला हात लावायचा.

शीमायाओची जुनी वही सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात जळली. जाळली ती काकूंनी. दंडाला लाल पट्टी बांधलेली क्रांतीवाली पोरं घराघरांत शिरून जुनं सापडेल ते मोडत होती आणि ठेवणाऱ्याला झोडत होती. काकूंनी वही चुलीत घातली आणि वर राळ्याची पेज चढवली. पोरं आली तेव्हा त्यांनाही एकेक वाटी दिली. काका घरी आले, कळलं, आणि सहा दिवस बायकोशी बोलले नाहीत.

“सातव्या दिवशी काय बोलले?” मी विचारलं होतं.

“पेज आहे का म्हणाले,” काकू म्हणाल्या.

मग बारा वर्षं सगळं चिडीचूप. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात पुन्हा वाजवायला मोकळीक मिळाली, तोवर जुन्यांपैकी काका एकटेच उरले होते. त्यांनी एक अख्खा हिवाळा बसून, गात गात, आठवून आठवून वही पुन्हा लिहिली. पोरांना शिकवलं. त्यांतला हाओ थ्येशंग सगळ्यांत तयार. त्यानंतर गावात जो जो गेला त्याला या मंडळींनी पोचवलं. काकांची आईसुद्धा त्यातच गेली, एक्क्याऐंशी साली.

आता माझं शहाणपण ऐका.

प्रेत घरातून निघतं तेव्हा वाजवायची एक लांब सुरावट असते. प्रेताची पेटी उंबऱ्यापाशी आली की सुरावटीची शेवटची ओळ येते आणि त्या ओळीवर पेटी बाहेर पडते. मी आजूबाजूच्या नऊ गावांत ही सुरावट ध्वनिमुद्रित केली होती. शीमायाओची शेवटची ओळ सगळ्यांहून निराळी होती. मी आनंदानं वेडी झाले. ही फार जुन्या शाखेची खूण, मठातल्या साधूंकडून थेट आलेली, इतरत्र लोपलेली, असं मी चौदा पानांत सिद्ध करून टाकलं. मासिकानं पहिल्या पानावर छापलं. मी अंक घेऊन मिरवत शीमायाओला गेले आणि ओट्यावर बसून काकांना लेख वाचून दाखवला.

“ती ओळ गाऊन दाखव बघू,” काका म्हणाले.

मी कागदावरून गायले. नुसती ती एकच ओळ, मागचंपुढचं काही नाही. माझा आवाज म्हणजे दाराची बिजागरी, पण स्वर बरोबर होते.

काकांनी चिलीम खाली ठेवली. “पुन्हा.”

मी पुन्हा गायले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं छातीत कळ आली. ते म्हणाले, “ही ओळ इथली नाही.”

“म्हणजे?”

“ही पालखीची आहे.”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. पालखी दारात येते तेव्हा देवाला घरात बोलावतात, त्या सुरावटीची ही शेवटची ओळ. दोन्ही सुरावटींत शेवटाआधी एक तुकडा हुबेहूब सारखा आहे. अठ्ठ्याहत्तर साली आठवून लिहिताना त्या तुकड्यावर त्यांचं मन रूळ बदलून गेलं. प्रेताच्या सुरावटीत शिरले आणि पालखीच्या सुरावटीतून बाहेर पडले. सगळं ओघात वाजत असल्यानं इतकी वर्षं ना त्यांना कळलं, ना पोरांना. पालखीची सुरावट वर्षाच्या पहिल्या महिन्यातच काय ती वाजते, ढोलाच्या दणक्यात. मी परकी बाई, मी ती ओळ सुटी काढून गायले, तेव्हा कुठं त्यांना ती ओळखू आली.

“ज्याला वाट दाखवायची,” काका म्हणाले, “त्याला मी घरात बोलावत बसलो. चाळीसाच्या वर माणसं झाली. सगळी आपापल्या दारात उभी असतील. आई पण.”

“काही उभी नाही,” काकू चुलीजवळून म्हणाल्या. “तुमची आई दारात असती तर केव्हाच आत येऊन भाजीत मीठ जास्त आहे म्हणाली असती.”

काका हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

खरी ओळ शीमायाओत आता कुणालाच ठाऊक नव्हती. इतर गावांचं वळण वेगळं. एकच गाव होतं ज्याला काकांच्याच गुरूनं, मठातल्या एका साधूनं, शिकवलं होतं, नदीपलीकडचं लिउहे. माझ्याकडे लिउहेची फीत होती, मी म्हटलं काका, ऐकवते. त्यांनी हात झटकला. “डब्यातून शिकलेलं मेलेल्याला चालत नाही.” आणि लिउहेशी शीमायाओचं तीस वर्षं बोलणं नव्हतं. जत्रेत आधी कुणाचा ढोल वाजणार यावरून डोकी फुटली होती.

त्र्याहत्तराव्या वर्षी लुआन पाओथांग नदी ओलांडून ब्येन युआनखुइच्या दारात गेले. मी बरोबर होते. ब्येन त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, एके काळी त्याच साधूपुढं शेवटच्या रांगेत बसणारा. काकांनी वाफेवरच्या पावांची टोपली खाली ठेवली आणि अंगणात गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. शिष्य गुरूला करतो तसं.

ब्येननं टोपलीला हात लावला नाही. “माझी आई गेली तेव्हा शीमायाओतून एक काळं कुत्रं आलं नाही.”

“नाही आलो.”

“आणि आज एक ओळ हरवली म्हणून आलास.”

“हो.”

“ओळ सुटी मिळत नाही, पाओथांग. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. म्हणून हिवाळ्याच्या तोंडाला आलोय.”

रीतच तशी आहे. मधला तुकडा कुणी कुणाला तोडून देत नाही. पहिल्या स्वरापासून बसायचं. त्या हिवाळ्यात काका रोज बर्फातून नदी ओलांडून गेले आणि ब्येनच्या ओट्यावर त्याच्या नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर बसून, जी सुरावट साठ वर्षं पाठ होती ती पहिल्यापासून गात राहिले. पोरं खुसखुसायची. काकांचे पुढचे दात पडले होते, शब्द फसफसायचे. ब्येन त्यांना इतरांसारखाच चुका काढून झापायचा. शेवटची ओळ त्यानं अगदी शेवटी, थंडी ओसरताना दिली.

“मिळाली?” काकूंनी विचारलं.

“मिळाली.”

“मग आता तरी जेवा धड. हाडं राहिलीत नुसती.”

वसंतात थडगी झाडायचा दिवस आला. क्वानझ वाजवायला दात हवेत, ओठ त्यांच्यावर दाबून धरावे लागतात, म्हणून काका वाजवू शकत नव्हते. ते गायले. अठ्ठ्याहत्तरनंतर गेलेल्या प्रत्येक माणसाच्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी थांबायचे, नाव घ्यायचे, “मी पाओथांग, माझं चुकलं,” म्हणायचे, आणि ती ओळ गायचे. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. मी मागं छत्री धरून. आईच्या ढिगाऱ्याशी दोनदा गायले. त्या दिवशी मी टेपरेकॉर्डर नेला नव्हता. नेला नाही याचं मला आजवर कधी वाईट वाटलेलं नाही.

परतताना म्हणाले, “तुझ्या मासिकात लिहून टाक. ही पाओथांगची चूक होती म्हणून. माझं नाव घालून.”

खरं सांगते, मी नुसतं “बघते” म्हणाले. त्या लेखावर माझी बढती अवलंबून होती. संस्थेतल्या साहेबांनीही डोळा मारून सांगितलं, “फेइ, खेड्यातला म्हातारा तुझा लेख खोडतोय हे कुणाला कळणारे? झाकली मूठ राहू दे.” मी चार महिने टाळाटाळ केली. मग त्या म्हाताऱ्याचे बर्फातले पाय डोळ्यांपुढून हलेनात, आणि पाठवून दिलं. मासिकानं शेवटच्या पानावर बारीक टाइपात सहा ओळी छापल्या. बढती दुसऱ्याला मिळाली. मी काकांना अंक दाखवला. त्यांनी आपलं नाव कुठं आहे ते बोटानं चाचपून बघितलं आणि मान हलवली.

थ्येशंग आणि मंडळींना त्यांनी दोन हिवाळे घासून घासून खरी ओळ शिकवली. जुनी जीभ वळत नव्हती, पण वळवली. “पुन्हा ती पालखीची ओळ प्रेतावर वाजवलीत तर तोंड बघणार नाही,” अशी शपथच घातली.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात काका गेले. पोटाचं दुखणं, महिनाभरात आटोपलं. मला तार आली तशी निघाले. अंगणात मंडळी मांडी घालून बसली होती, पुढं थ्येशंग. आणि त्यांच्यात शंग घेऊन लिउहेचा ब्येन, डोळे सुजलेला. नदीपलीकडची माणसं शीमायाओच्या अंगणात बसली होती.

दुपारी पेटी उचलायची वेळ झाली. नवऱ्याच्या पेटीमागं बायकोनं थडग्यापर्यंत जायचं नाही असा तिथला रिवाज. काकू पांढऱ्या जाड्याभरड्या कपड्यांत घरातून बाहेर आल्या आणि थेट थ्येशंगपुढं उभ्या राहिल्या.

“शेवटची ओळ कुठली वाजवणार?”

“खरी, काकू. काकांनी शिकवलेली.”

“जुनी वाजव.”

थ्येशंगनं हातातलं क्वानझ मांडीवर ठेवलं. “काकू, काकांनी शपथ घातलीय. वाजवलीस तर तोंड बघणार नाही म्हणाले.”

“आता कसं बघणारेत तुझं तोंड.”

“तसं नाही, काकू. ती ओळ माणसाला घरात बोलावते.”

“म्हणून तर सांगतेय,” काकू म्हणाल्या.

पन्नास वर्षं ज्या बाईनं या सगळ्याची टिंगल केली, ती हे म्हणत होती. थ्येशंगनं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, मी चौदा पानं लिहिणारी, मी सहा ओळींनी ती खोडणारी. खरं काय ते मला ठाऊक होतं. ज्या माणसानं त्यासाठी म्हातारपण बर्फात घातलं तो समोरच्या पेटीत होता. मी मान खाली घातली. मला नाही म्हणवेना, आणि हो म्हणायचा मला हक्क नव्हता.

सुरावट सुरू झाली. लांब, संथ, ठरलेल्या वळणांनी. मी फीत चालू ठेवली होती. तो सारखा तुकडा आला, जिथून दोन वाटा फुटतात. थ्येशंगनं डोळे मिटले आणि पालखीच्या वाटेला वळला. ब्येनचा शंग एक ठोका थांबला, त्याच्या हातात खरी ओळ होती. मग म्हाताऱ्यानं श्वास घेतला आणि तोही थ्येशंगच्या मागोमाग त्या वाटेला वळला. गावातल्या सगळ्यांना कळलं, पण कुणी मान वर केली नाही.

काकू दाराच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या. ओळ संपता संपता त्या हळूच म्हणाल्या, “या. आत या.”

पेटी तोवर उंबऱ्याबाहेर गेली होती.