शेंदेलोणाचे उपास

माझी फजिती मीच सांगते, बायांनो. दुसरी कुणी तिखटमीठ लावून सांगेल, आणि मीठ तर मला बंद!

ह्यांची ओझरच्या कारखान्यातली नोकरी संपली, त्याच वर्षी माझं बीपी चढलं. गंगापूर रोडचा डॉक्टर, माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणाला, "आजी, मीठ बंद. पापड, लोणचं, सगळं बंद."

सूनबाई डॉक्टरपेक्षा कडक! माझी आमटी अळणी, भाजी अळणी. मुलासाठी तव्यावर ठेचा चुरचुरला की मी उगाच ओट्यापाशी घुटमळायची. स्वप्नात काय यावं? कैरीची फोड, वर मीठ भुरभुरलेलं! आणि हे? म्हणाले, "तू अळणी खाणार, तर मीही अळणी." असा माणूस!

एका एकादशीला खिचडीचा घास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. चव! अहो, शेंदेलोण, म्हणजे सैंधव! उपासाला मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून बघतेय. म्हणजे ते मीठ नव्हेच, नाही का?

मग काय विचारता! एकादशी, चतुर्थी, सोमवार. पुढं गुरुवार धरला, शनिवार धरला. भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. गल्लीतल्या बायका माझ्या पाया पडू लागल्या!

बीपी मात्र चढलेलंच. डॉक्टर चक्रावला. "आजी, खरं सांगा. मीठ खाता?"

"देवाशप्पथ, चिमूटभर नाही! निम्मा आठवडा तर उपास. त्यात फक्त शेंदेलोण."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आजी, तेही मीठच."

"काहीतरीच! मग एकादशीला कसं चालतं?"

"देवाला चालतं हो. बीपीला नाही चालत."

हे शेजारीच बसले होते. परतताना रिक्षा द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली, तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे इतके महिने अळणी फक्त मीच खाल्लं?"

घरी येऊन मीच त्यांच्या पानात मीठ वाढलं, ठेचा वाढला. मी समोर दूधभाकरी घेऊन त्या पांढऱ्याशुभ्र चिमटीकडं बघत बसले. ह्यांनी ते पाहिलं. ताट हळूच सरकवलं. माझ्याकडं नाही हो, पलीकडं!

तेवढ्यात सून म्हणाली, "आई, उद्या गुरुवार. साबुदाणा भिजवू ना?"

"नको गं," म्हटलं, "उद्यापासून मिठाचाच उपास."