नागलीचा पाव आणि चार खड्डे

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगते. कारण आमच्या घरात आजही कुणी हा विषय काढला की मी गॅसकडे तोंड करून उभी राहते. एका पावापायी, हो हो, साध्या गव्हा-नागलीच्या पावापायी, माझ्या सासूबाई पिशवी भरून चांदवडला लेकीकडे निघाल्या होत्या. आणि त्यांच्यावर ही वेळ कुणी आणली? मी!

नाना, म्हणजे माझे सासरे, देवळाली कॅम्पात नोकरीला होते. तिथल्या एका बेकरीतला पाव चहात बुडवून खायची त्यांना तरुणपणापासूनची सवय. नोकरी सुटली, आम्ही नाशिकरोडला राहायला आलो, पण पाव काही सुटला नाही. मग डायबिटीस निघाला आणि डॉक्टरांनी मैदा बंद करून टाकला.

नाना एका शब्दाने काही बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं हो! सकाळी कप समोर घेऊन नुसते बसायचे. सासूबाई पोळी कुस्करून द्यायच्या, ती गुमान खायचे. पण चहाबरोबर कॅम्पातल्या गोष्टी सांगायचे ना, त्या बंद झाल्या. घरातला एक आवाजच कमी झाल्यासारखं झालं. मला ते बघवेना.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्याच सुमारास माझी बहीण अमेरिकेहून आली, आणि काय घेऊन आली? ब्रेड मशीन! बादलीएवढी पांढरी पेटी, आणि आपली वीज तिला सोसावी म्हणून सोबत विटेसारखा जड कन्व्हर्टर. पीठ, पाणी, यीस्ट आत टाकायचं. पेटीच मळते, पेटीच फुगवते, पेटीच भाजते. आपण हात लावायचा नाही.

"हात लावायचाच नाय?" सासूबाईंनी विचारलं. "मग त्याला चव कुठून येनार गं?"

मी हसले. मी शाळेत सायन्स शिकवते ना! नुसती शिकवत नाही, गॅदरिंगला, महिला मंडळात अंधश्रद्धेवर भाषणंही ठोकते. घरातही सोडत नाही कुणाला. आता हेच बघा. सासूबाई कणीक मळून झाली की गोळ्यावर चार बोटं दाबून ठेवायच्या. पुष्कळ बायका करतात. नुसता गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो, म्हणून त्यावर बोटं उमटवायची. आमच्या गावात तर रामकुंडावर रोजच पिंडदान चालतं, त्यामुळे पिंड कसा दिसतो हे कुणाला सांगावं लागत नाही. पण मी राहते की काय गप्प? "आई, पीठ हे पीठ असतं, त्याला कसला आलाय शकुन-अपशकुन," असं एकदा चांगलं अर्धा तास समजावलं होतं त्यांना. त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, पटलं वाटतं!

असो. तर पाव.

गिरणीतून जाडसर गहू दळून आणला. हरसूलच्या बाजारातून शाळेतल्या एका बाईंनी नागली, म्हणजे नाचणी, आणली होती, तिचं पीठ त्यात घातलं, रंग येतो म्हणून. चमचाभर काकवी. बहिणीने बजावून सांगितलं होतं की पीठ पूर्ण फुगलं, की भाजणं सुरू व्हायच्या आत झाकण उघडायचं, वरून हलकासा दुधाचा हात फिरवायचा आणि तीळ भुरभुरायचे. घरात काळे तीळ होते, तेच घेतले.

पहिल्या रविवारी सगळे टेबलाभोवती जमले. मी झाकण उघडलं.

पाव कसला, बसलेलं गाढवच ते! मध्ये खोल खचलेला आणि वर ओळीने चार खड्डे. आत दगड. नानांनी तुकडा तोडून चहात बुडवला, तो बुडाला तो बुडालाच. "छान आहे," नाना म्हणाले. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

माझा नवरा सुधीर म्हणाला, लोडशेडिंग. पटलं. पुढच्या रविवारी वीज जाणार नाही अशी वेळ साधून लावला. पुन्हा खड्डे! मग यीस्ट बदललं. खड्डे! कन्व्हर्टर दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, हा तर ठणठणीत आहे. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा करतात!" अशा वेळी बहिणीचा काय राग येतो, तुम्हाला ठाऊकच असेल.

आणि मग माझ्यातली सायन्सची बाई जागी झाली. मी त्या खड्ड्यांवर स्वतःची बोटं धरून पाहिली. चपखल बसली. म्हणजे वीज नाही, यीस्ट नाही. हे माणसाचं काम! आणि या घरात पिठावर चार बोटं कोण दाबतं?

मी थेट देवघरापाशी गेले.

"आई, तुम्ही मशीनचं झाकण उघडता ना?"

"मी?" त्या वाती वळत होत्या. "मला ते उघडाया तरी येतं का?"

"मग बोटं कुणाची आहेत ती?"

"मला काय म्हाईत? मी त्याला हात लावला नाय."

"आई, एक वेळ दाबलं तर दाबलं, पण खोटं कशाला बोलायचं?"

झालं! तोंडातून गेलं ते गेलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती बाई मला कधी उलटून बोलली नव्हती. आताही नुसता वातींचा डबा बंद केला, उठल्या आणि पिशवीत लुगडी भरायला लागल्या.

सुधीर मध्ये पडला. "आई, जाऊ दे ना, दाबलंस तर दाबलंस. त्यात काय एवढं?" म्हणजे बघा, आग विझवायला आला आणि रॉकेल ओतून गेला.

"मी लेकीकडं चालले," सासूबाई म्हणाल्या. "ज्या घरात मला खोटारडी म्हनतात, तिथं पानी नाय प्यायची मी."

खरं सांगते, मला तेव्हाच माफी मागावीशी वाटत होती. पण पुरावा माझ्या बाजूने होता ना! पुरावा असला की माणूस किती कडक होतो, ते मी त्या दिवशी स्वतःवरून पाहिलं.

शेवटी नाना उठले. "सूनबाई, पुन्हा एक पाव लाव. आत्ता. सगळ्यांसमोर. आणि तू," ते सासूबाईंना म्हणाले, "त्याच्यासमोर बस. पाव नीट झाला तर तू दोषी. खड्डे पडले तर तू निर्दोष, आणि तुला मी स्वतः चांदवडच्या गाडीत बसवून देतो, अगदी मानाने."

मग काय, कोर्टच भरलं! मशीन ओट्यावर. समोर पाटावर सासूबाई, दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. शेजारी भरलेली पिशवी. नाना खुर्चीत, सुधीर दारात. मशीन घुरघुरतंय, मी येरझारा घालतेय, आणि शिक्षकाची जात, तोंड थोडंच बंद राहतंय? पीठ कशामुळे फुगतं, यीस्ट म्हणजे काय, वायू कसा तयार होतो, मधेच दाबलं की तो कसा निघून जातो, सगळं सांगत होते. सांगत सांगत झाकण उघडलं. काय सुरेख फुगला होता! नागलीचा काळपट रंग, मऊ, गोल. सांगत सांगत दुधाचा हात फिरवला. सांगत सांगत तीळ टाकले.

"...म्हणजे एवढंसं बोट जरी लागलं ना, तरी..."

"मीनल!" सुधीर ओरडला.

मी दचकून खाली पाहिलं. माझा उजवा हात पिठात होता. चारही बोटं, पार दुसऱ्या पेरापर्यंत.

पिठाने एक मोठा सुस्कारा सोडला आणि ते खाली बसलं. मीही बसले, तिथेच ओट्याखाली.

मग नाना म्हणाले, "बरोबरच केलंस हो सूनबाई! काळा गोळा, वर काळे तीळ. मी अजून आहे म्हटलं!" आणि ते असे हसले, असे हसले, की त्यांना ठसका लागला. कित्येक महिन्यांनी हसले होते.

मला मात्र हसू येईना. मला आठवत होती माझी आई. मी लहान असताना ती कणीक मळून झाली की माझी बोटं धरून गोळ्यावर दाबायची. "उमटव गं," म्हणायची. का, ते कळायच्याही आधी हाताला येत होतं ते. आई जाऊनही किती वर्षं झाली. मी कॉलेज केलं, बीएड केलं, जगाला शहाणं करत फिरले, आणि हात तिचा तो तिचाच राहिला. रोज कणकेवर बोटं उमटत होती आणि मला पत्ताच नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं किती आईसाठी आणि किती लाजेने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी उठून सासूबाईंच्या पाया पडले. "आई, चुकलं माझं. मीच खोटारडी. जाऊ नका हो."

त्यांनी पिशवी पाटाच्या मागे सरकवली. "येडी कुठली," म्हणाल्या. नाना तोवर मशीनचं झाकण लावून मोकळे झाले होते. तो बसका पाव भाजून निघाला आणि त्यांनी तो मुकाट्याने नाही, चवीने खाल्ला. खड्ड्यात चहा चांगला मुरतो, असं त्यांचं मत पडलं. लगेच कॅम्पातल्या बेकरीची गोष्टही सुरू झाली.

मी जरा सावरले आणि सासूबाईंजवळ बसले. म्हटलं, "बघा ना आई, तुमच्या माहेरी काय, माझ्या माहेरी काय, बायकांची ही जुनी समजूत सगळीकडे सारखीच."

"आमच्या माहेरी?" त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "आमच्याकडं असलं काय नव्हतं बाई."

"नव्हतं? मग तुम्ही बोटं दाबता ती?"

"ती तुझं बघून! तू नवी आलीस तवा रोज कनकेवर बोटं दाबायचीस. मला वाटलं, सायन्सवाली बाई करती, म्हंजे त्यात काहीतरी सायन्स असनार. मग मी बी सुरू केलं." चहाचा घोट घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "चांदवडला पोरीला बी शिकवलं. आता त्यांची सगळी गल्ली करती."