मर्सियाच्या बाजूने

टेक्सासमध्ये प्लेनोला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी जवळच्या एका छोट्या कॉलेजात इतिहासाच्या वर्गाला नाव घातलं. नागपुरात मी चार वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला होता. इथे डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पण शिकता येत होतं. सकाळच्या वेळेत एकाच विषयाला जागा शिल्लक होती, मध्ययुगीन इंग्लंड. नवरा म्हणाला, "त्याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "घरात बसून राहण्याचा तरी काय आहे?"

पहिल्या दिवशी मी दारातून आत शिरले तर पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी मान वळवून सांगितलं, "मॅडम, कम्प्युटरचे वर्ग खालच्या मजल्यावर असतात." साठीचा, उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. मी म्हटलं, "मी बरोबर आले आहे." तो हसला नाही, मीही हसले नाही.

हा माणूस सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून मैदानात हजारेक वर्षांपूर्वीच्या, अँग्लो-सॅक्सन काळातल्या इंग्लंडातल्या लढाया हौसेने लढायचा. ढाल स्वतः लाकडाची बनवलेली, चिलखत कुठूनसं मागवलेलं. वर्गात तो प्रश्न विचारत नसे, माहिती द्यायचा. त्याचा धाकटा मुलगा तेव्हा इराकमध्ये होता, हे त्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं.

आमच्या प्राध्यापिकाबाईंनी जोड्या पाडल्या. प्रत्येक जोडीने एक लढाई घ्यायची आणि दोघांनी एकेका पक्षाची बाजू मांडायची. माझी जोडी नेमकी त्याच्याशी पडली. लढाई आली एलनडनची, इसवी सन ८२५. तोवर कित्येक वर्षं इंग्लंडातल्या राज्यांत मर्सियाचा दरारा होता. त्या एका दिवशी वेसेक्सच्या राजाने मर्सियाच्या राजाला हरवलं आणि सगळं पारडंच फिरलं. केंट, सरे, ससेक्स, एसेक्स, एकामागून एक मुलूख वेसेक्सकडे गेले. हरलेल्या राजाला पुढे पूर्वेकडच्या लोकांनी ठार मारलं.

"वेसेक्स मी घेतो," तो म्हणाला. "तुम्ही मर्सिया घ्या." मला विचारायचा प्रश्नच नव्हता.

तयारीसाठी आम्ही ग्रंथालयात भेटलो. त्याने आलेखाच्या कागदावर सुबक नकाशा काढून आणला होता. टेकडी, ओढा, ढालींची रांग, कोण कुठून चालून आलं त्याचे बाण.

"हे सगळं कुठून घेतलंत?" मी विचारलं. "लढाईची जागा नक्की कुठली हेसुद्धा ठरलेलं नाही. जुन्या नोंदीत एवढंच आहे की वेसेक्सचा जय झाला आणि फार मोठी कत्तल झाली."

"मी तीस वर्षं सैन्यात काढलीत, मॅडम. माणसं कशी लढतात ते मला कळतं."

"आणि त्या नोंदी वेसेक्सकडच्याच आहेत. मर्सियाने काय लिहिलं ते आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही. नागपूरला मी मुलांना बखरी शिकवायचे, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचे की लिहिणारा कोणाच्या पदरी होता?"

बखर म्हणजे काय ते त्याने विचारलं नाही. पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "केंटचे लोक वेसेक्सच्या राजाकडे आपणहून आले. तसं लिहिलंय. त्यांना मर्सियापासून सुटका हवी होती."

"राजाने तिकडे मोठं सैन्य पाठवलं होतं, तेही त्याच नोंदीत लिहिलंय."

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. "हा आमचा इतिहास आहे," तो म्हणाला. "तुम्हाला तो फक्त मार्कांसाठी हवा आहे."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "यार, तू त्याच्याशी वाद कशाला घालतेस? ग्रीन कार्डचं प्रोसेसिंग चालू आहे. बाहेर वातावरण काय आहे बघतेस ना?" आणि त्याच शनिवारी मराठी मंडळींच्या जेवणात त्याने हीच गोष्ट विनोद म्हणून सांगितली. "आमची बायको हल्ली सॅक्सनांशी लढते!" सगळे हसले. एक काकू म्हणाल्या, "अगं, त्यापेक्षा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर."

सादरीकरणाच्या दिवशी तो ढाल घेऊन आला. आम्हा दोघांना मिळून अर्धा तास होता, त्यातली वीस मिनिटं त्यानेच घेतली. मग मी उभी राहिले. म्हटलं, आपल्याला फार थोडं माहीत आहे आणि जे माहीत आहे ते जिंकणाऱ्यांकडून. तो मधे बोलला. मी पुढे गेले. तो पुन्हा बोलला. तिसऱ्यांदा तो वर्गाकडे वळून म्हणाला, "या मॅडमच्या देशात जो आला तो राज्य करून गेला. म्हणून त्यांना प्रत्येक जिंकणारा खोटारडा वाटतो."

प्राध्यापिकाबाई समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांनी थांबवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मी म्हटलं, "तुमचा मुलगा आहे ना इराकमध्ये? तिथले लोकही आपणहून येतायत असंच कळवतो का तो?" एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण माझं डोकं फिरलं होतं. "उद्या तो तिथे पडला तर त्याचीही अशीच एक ओळ होईल. कत्तल झाली, संपलं."

त्याने ढाल उचलली. तिचा पट्टा टेबलाच्या कोपऱ्यात अडकला. तो सोडवायला त्याला बराच वेळ लागला. मदतीला कोणी उठलं नाही, मीसुद्धा नाही.

पुढच्या वर्गाला तो आला, त्याच बाकावर बसला. सत्र संपेपर्यंत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आम्हा दोघांना सारखेच गुण मिळाले. शेवटच्या दिवशी मी पार्किंगमध्ये त्याला गाठलं आणि म्हटलं, "मी तुमच्या मुलाबद्दल जे बोलले ते वाईट होतं. मला माफ करा."

त्याने किल्ली आपल्या पिकअप ट्रकच्या कुलुपात तशीच धरून ठेवली. "मॅडम, माझी बायको रोज फोनजवळ बसून असते. मी तिच्याशेजारी बसतो तेव्हा मला तुमचं ते वाक्य ऐकू येतं. माफी तुम्हाला हवी आहे, तुमच्या समाधानासाठी. मी ती देणार नाही."

"आणि तुम्ही माझ्या देशाबद्दल बोललात ते?"

"ते मी मनापासून बोललो होतो." त्याने ट्रक सुरू केला आणि तो गेला.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "मागितलीस माफी? मग मिटलं की." मी म्हटलं, "काहीही मिटलेलं नाही."

त्यानंतर वर्षभर, आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जाईपर्यंत, मी रोज सकाळी स्थानिक वर्तमानपत्र उघडून युद्धात मारल्या गेलेल्यांची नावं वाचत असे. मला त्याचं आडनाव ठाऊक होतं. ते कधी दिसलं नाही. दिसलं नाही की मला सुटल्यासारखं वाटे, आणि लगेच त्या माणसाचा राग यायचा, पहिल्याइतकाच. ह्या दोन्ही गोष्टी मी कोणाला सांगितल्या नाहीत.