पाण्यावर राहिलेला तुकडा

मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी मशीनवर बसले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन. "सुनंदाताई, ताई गेली," एवढंच ती म्हणाली. विभागातल्या पोरी म्हणाल्या, घरी जा. मी गेले नाही. हातातलं काम संपवलं आणि मगच उठले. कोणाला ते खटकलं असेल तर खटको. अर्ध्यात टाकून उठलेलं मॅडमना कधी खपलं नाही.

आज त्याला पाच आठवडे झाले. डॉ. प्रज्ञा मॅडम पॅथॉलॉजिस्ट होत्या आणि मी त्यांची टेक्निशियन, बावीस वर्षं. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत येतो. आम्ही तो मेणात बसवतो, त्या वडीला ब्लॉक म्हणतात. मशीनवर त्याचे इतके पातळ काप काढायचे की श्वास लागला तरी उडावेत. ते कोमट पाण्यावर सोडले की सुरकुत्या जातात, मग काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. ती काच मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि सांगायच्या, कर्करोग आहे की नाही. वरचे सर्जन कितीही मोठे असोत, त्यांची सुरी आमच्या खोलीतून कागद गेल्याशिवाय हलत नाही.

बाई मोठ्या हेकट. आधी काच बघायच्या, मग पेशंटचा कागद वाचायच्या. कागद आधी वाचला की डोळे तेच शोधतात, असं त्यांचं म्हणणं. स्कूटर अशी चालवायच्या की मागे बसणाऱ्याने घरी सांगून यावं. वाढल्या नागपूरच्या इंदोरा वस्तीत, घरातल्या पहिल्या डॉक्टर. मीटिंगमध्ये शुद्ध बोलायच्या, आणि माझ्यावर चिडल्या किंवा माया आली की आपल्या नागपुरीवर यायच्या. त्यांचा स्वतःचा अभ्यास मूत्राशयाच्या कर्करोगाचा. दिसायला सारख्या गाठी पुढे वेगळ्या का वागतात, यासाठी जुन्या काचा काढून त्या पुन्हा पुन्हा बघायच्या. त्या अभ्यासामुळेच पुढची गोष्ट उघडकीला आली, नाहीतर ती मलाही कधी कळली नसती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना होता. कूलर नुसता गरम वारा फेकत होता. नागपुरी उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, काप तुटतात, म्हणून ब्लॉक बर्फावर ठेवून कापावे लागतात. त्या दिवशी बर्फ दुपारीच संपला आणि ढीगभर काम बाकी. एक ब्लॉक झाला की पाण्यावरून कागदाची पट्टी फिरवायची, आधीच्या पेशंटचा कणही मागे राहता कामा नये, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी तो नवीन पोरींना शिकवते. त्या दुपारी कधीतरी मी पट्टी फिरवली नाही. घाई होती, घाम होता, सगळं होतं, पण ती कारणं झाली.

तीन आठवड्यांनी एका बुधवारी मॅडमनी आतून हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"सुनंदा, इकडे ये वं. हे पाय."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मूत्राशयाचा तुकडा, त्याच्या कडेला कर्करोगाचा छोटासा पुंजका. मॅडमनीच तसा रिपोर्ट दिला होता. आता अभ्यासासाठी काच पुन्हा काढली होती.

"फोकस फिरव."

फिरवला. बाकीचा तुकडा स्पष्ट झाला की पुंजका अंधूक व्हायचा, पुंजका स्पष्ट केला की बाकीचं अंधूक. म्हणजे तो त्या तुकड्याचा भाग नव्हता. वर येऊन चिकटलेला होता.

"हा याचा नाही," मॅडम म्हणाल्या. "पट्टी फिरवली होती का?"

मला खोटं बोलता आलं असतं. तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर पडणार हे मलाही ठाऊक नव्हतं, हे कबूल करते. "आठवत नाही मॅडम," म्हणाले, आणि लगेच, "नसेल फिरवली."

त्या रागावल्या नाहीत. घड्याळाकडे बघितलं. काच होती काटोलच्या एका संत्रावाल्या काकांची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं मूत्राशय काढणार होते. मग जन्मभर पोटाला लघवीची पिशवी. मॅडमनी सर्जनना फोन लावला, ते ऑपरेशनमध्ये होते. निरोप ठेवला आणि मला म्हणाल्या, "काप."

काकांचा ब्लॉक मी पुन्हा कापला, खोलवर, अगदी संपत आला तोवर. कोपर टेबलाला घट्ट टेकवलं होतं. एकेक काच मॅडमनी बघितली. कुठेच काही नाही. मग त्या म्हणाल्या, "आता याच्या आधीचा."

तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी काकांचा विचार करत बसले होते. पण पुंजका कोणाचा तरी होताच ना? वहीत बघितलं तर आधीचा ब्लॉक पारशिवनीकडच्या एका माणसाचा होता. त्याला आम्ही काही नाही म्हणून कळवलं होतं आणि तो आनंदाने घरी गेला होता. त्याचा ब्लॉक खोल कापला आणि दुसऱ्याच काचेवर मॅडम थांबल्या. तसाच पुंजका तिथे होता. त्याच्या पहिल्या काचेवर तो आलाच नव्हता, पाण्यावर राहिला होता.

त्या स्वतः जिना चढून वॉर्डात गेल्या. हे काम सर्जनचं, पण त्यांनी वाट बघितली नाही. मी मागे. काका पलंगावर मांडी घालून बसले होते, शेजारी मुलगी.

"काका, उद्याचं ऑपरेशन होणार नाही. तुम्हाले कर्करोग नाही. चूक आमच्या खोलीत झाली. माझ्या हातून."

मुलगी रडायलाच लागली. काका म्हणाले, "म्हणजे ते दुसऱ्याचं होतं?"

"हो."

"मंग त्याले सांगितलं का तुम्ही?"

त्या प्रश्नाने मी आजही मधेच थांबते.

पारशिवनीच्या माणसाचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन गाडीने त्याच्या गावी गेल्या. तो कपाशीसाठी वावर तयार करत होता. आम्हाला बघून आधी चहा ठेवायला सांगितला. मॅडमनी बांधावर उभ्यानेच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याचं ऑपरेशन झालं. तो त्यानंतर चार वर्षं जगला. ते तीन आठवडे वाया गेले नसते तर आणखी जगला असता का, हे मी मॅडमना एकदा विचारलं. दुसरं कोणी "नाही गं" म्हणून मोकळं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही."

पुढे रुग्णालयाने चौकशी केली, तीत मॅडमनी माझं नाव घेतलं नाही. विभागाची जबाबदारी आपली स्वतःची, असं लेखी दिलं, त्यांची बढतीही त्यात अडकली. मला त्यांचा भयंकर राग आला. शिक्षा झाली असती तर मी मोकळी झाले असते. भांडायला गेले तर म्हणाल्या, "तुयं नाव लिहून पाणी साफ होते का? जाय, बस मशीनवर." बसले. पण त्यांनी माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला की दुसरं कोणी नव्हतं म्हणून ठेवून घेतलं, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मॅडम तपासायच्या तुकड्याची एक डबी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. वर नुसता नंबर. पोटात दुखतंय म्हणून त्या महिनाभर रजेवर होत्या, त्यामुळे नंबर कोणाचा हे मला लगेच कळलं.

"मॅडम, हे मुंबईला पाठवू या ना," मी म्हणाले.

"काहून? तुले कापता येत नाही का?"

मी कापलं. काप सोडायच्या आधी पाण्यावरून पट्टी तीनदा फिरवली. त्या शेजारी स्टूलावर बसून होत्या, पण माझ्या हाताकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. काच रंगवून दिली. रिपोर्ट दुसरे डॉक्टर देणार होते, पण आधी त्यांनी स्वतः बघितली. फोकस वर केला, खाली केला. मग मान वर करून मला विचारलं, "माझंच आहे ना वं?"

त्यांच्यासमोर एकदा मी "आठवत नाही" म्हटलं होतं. या वेळी ते म्हणता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं.

"तुमचंच आहे, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि काच ट्रेमध्ये जागेवर ठेवली.

तो ब्लॉक तिसऱ्या कपाटात आहे, खालून दुसऱ्या खणात, आधीच्या आणि नंतरच्या पेशंटांच्या मधोमध. त्याच्यावर नाव नाही. नंबर मला पाठ आहे.