उभ्या घरांचा दाखला

भेगेत छत्री सोडली, ती मुठीपर्यंत आत गेली. ओढून काढली आणि खाली पाहिलं. डोंगराच्या पायथ्याशी वाडीतल्या चुलींचा धूर कौलांतून वर येत होता.

रिह्याच्या खोऱ्यातली ही वाडी. साठच्या दशकात मी पौडला ओव्हरसिअर होतो, म्हणजे इंजिनिअरच्या हाताखाली मापं घेणारा माणूस. त्या पावसाळ्यात डोंगराचा एक लचका सुटला आणि कडेची दोन घरं गाडली गेली. माणसं लावणीला शेतात होती, म्हणून वाचली. दोन घरांना सरकारी मदत मंजूर झाली. घरं बांधायला काय लागेल त्याचं एस्टिमेट करायला मी आलो होतो.

पण भेग त्या दोन घरांच्या वर नव्हती. उरलेल्या सगळ्या वाडीच्या वर होती. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, मध्ये दोरी ताणून बांधली आणि खाली उतरलो.

"आबा, दोन घरांनी भागणार नाही," मी पोलिस पाटलांना सांगितलं. "सगळी वाडी भेगेखालून काढून बाजूच्या उंच माळावर न्यायला हवी."

"न्हेऊ की. माळ माझाच हाय, देतो जागा," आबा म्हणाले. "पर मदत दोगांनाच हाय न्हवं? बाकीच्यांनी घरं कशानं बांदायची?"

त्या दोघांतली एक सगुणाबाई. घर गेलं तेव्हापासून दिराच्या पडवीत राहत होती. ती म्हणाली, "मी एकली माळावर जाऊन काय करू? समदी येत असतील तर येते. न्हाईतर हितंच बरी हाय."

मी वर कळवलं. काही दिवसांनी प्रांतसाहेब स्वतः आले. चावडीपुढं खुर्ची टाकली, वाडी भोवती बसली.

"नियम नुकसानीचा आहे," साहेब म्हणाले. "उभ्या घराला मदत कशी देऊ?"

"पडल्यालंच पायजे व्हय?" सगुणाबाई म्हणाली. "मग सकाळच्याला पाडतो आमी. दुपारच्याला या पंचनाम्याला."

साहेब हसले. मग माझ्याकडे वळले. "घर राहण्यास अयोग्य आहे असा तांत्रिक दाखला असेल, तर मला ते नुकसानीत धरता येईल. पण डोंगर येणार असं तुम्हाला लेखी द्यावं लागेल. देता?"

माझी नोकरी नवी. लग्न नुकतंच ठरलेलं. डोंगर आला नाही तर सरकारी पैसा उधळल्याचा ठपका माझ्यावर. मी म्हटलं, जरा थांबा, आणि पुन्हा वर चढलो. खुंट्या होत्या तशाच घट्ट होत्या. मधली दोरी ताणून तुटली होती, भेग रुंदावली होती. खाली येऊन सही केली.

भात झोडून झालं आणि वाडी हलली. वासे, दारं खांद्यावरून गेली. कौलं न्यायला खालच्या अंगणापासून माळापर्यंत माणसांची रांग लागली. या हातातून त्या हातात कौल वर जायचं. हलगीवाला मध्येच उभा राहून वाजवत होता. कुणाचं कौल फुटलं की सगळी रांग त्याला ओरडायची आणि हसायची. प्रांतसाहेब पाहणीला आले, तर सगुणाबाईनं त्यांच्या हातात कौल ठेवलं. "धरा की. मोकळं का हुबं ऱ्हायचं?" साहेब दुपारपर्यंत रांगेत होते. पांढरा सदरा तांबडा झाला. मग सगळ्यांबरोबर माळावर पिठलं-भाकरीला बसले.

पुढचा पावसाळा आला. डोंगर आला नाही.

पावसाळा सरला आणि मला मेमो आला. धड घरांना मदत का दिली, खुलासा करा. ऑफिसात डेप्युटी इंजिनिअर रोज विचारायचे, "काय गोरे, निघाला का तुमचा डोंगर?" डोंगर पडावा असं मनात आणणंही बरं नव्हतं, आणि पडला नाही तर पगारवाढ जात होती. खुलाशात मी खुंट्या आणि दोरी लिहिली. उत्तर आलं नाही.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी आबा पौडला आले. घोंगडी निथळत होती.

"साहेब, आला."

"कोण?"

"डोंगर. जुनी वाडी कुटं हुती ते आता दिसत न्हाई."

"माणसं?"

"समदी हायेत. माळावर हुबं ऱ्हाऊन बघितलं आमी. लई आवाज झाला. मग बायकांनी च्या केला." घोंगडी झटकत म्हणाले, "तुमाला जेवायला बोलीवलंय. मंडळींनाबी आना."

लग्न झालं होतं. बायकोला घेऊन गेलो. प्रत्येक घरात थोडं थोडं जेवावं लागलं, कारण कोणतंच घर सोडायला तयार नव्हतं. सगुणाबाईनं बायकोची खणानारळानं ओटी भरली.

मेमो मागे घेतल्याचा कागद मात्र कधी आला नाही. पगारवाढ उशिरा मिळाली. पुढं कुठंही दरडीच्या कामावर गेलो की मी उभी घरं आधी बघायचो. पडलेली नंतर बघितली तरी चालतात, ती कुठं जात नाहीत.