नंबरमावशीच्या वहीतल्या दहा ओळी

नंबरमावशीला प्राण्यांचं वेड नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला वेड नंबरांचं. ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घालण्यात तीस वर्षं काढून ती निवृत्त झाली आणि घरी बसून सुनेच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घालू लागली. मग मुलानंच हात जोडून तिला भटक्या नि हरवलेल्या जनावरांच्या निवाऱ्यात नेऊन सोडलं. तिथं तिला टेबल मिळालं, टेलिफोन मिळाला आणि वही मिळाली.

निवाऱ्यात कुत्र्यामांजरांच्या मानेत चिप टोचत. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, पण कुठली घ्यायची यावर मावशीनं आठवडाभर रान उठवलं होतं. स्वस्तातली चिप फक्त त्याच दुकानदाराच्या यंत्राला दिसायची. मावशीनं सगळे नमुने ओल्या टॉवेलच्या घडीत लपवून वरून यंत्र फिरवून पाहिलं आणि कोणत्याही डॉक्टरच्या यंत्राला दिसणारी, पंधरा आकड्यांची चिप ठरवली. सचिव कुरकुरले. "हरवलेला कुत्रा दुकान बघून सापडत नाही," मावशी म्हणाली, आणि विषय मिटला.

लोकांना वाटे, चिप म्हणजे कुत्रा कुठं आहे ते कळणार. मावशी प्रत्येकाला समजावायची, "चिपला काही कळत नाही हो. ती फक्त नंबर सांगते. माणूस कोण, ते माझी वही सांगते." खरं होतं ते. त्या वहीत तिची एक चूक काढणाऱ्याला ती चहा पाजणार होती, आणि सहा वर्षांत तिचा एक कप खर्ची पडला नव्हता.

त्या सकाळी बेकरीवाला आपली कुत्री लसीसाठी पहिल्यांदाच निवाऱ्यात घेऊन आला. मावशीनं सवयीनं मानेवर यंत्र फिरवलं. बीप वाजला. नंबर वहीत शोधला तर समोर नाव निघालं मुख्याध्यापिकेच्या पांढऱ्या बोक्यासारख्या गुबगुबीत कुत्र्याचं.

"ही चोरलीत की काय?" मावशीनं थट्टेत विचारलं.

"मावशी, माझ्या हातावर वाढलीय ती. शिबिरात तुम्हीच तर चिप टोचून दिलीत."

मावशीनं यंत्राचे सेल बदलले. पुन्हा तोच नंबर. तेव्हा तिनं तीन वर्षांपूर्वीच्या शिबिराचं पान काढलं. दहा कुत्री, दहा ओळी. बेकरीवाला दुसऱ्या ओळीत, मुख्याध्यापिका नवव्या ओळीत. आणि मावशीला शिबिरातलं ते टेबल आठवलं.

शिबिराला गर्दी होणार म्हणून तिनं आदल्या दिवशीच चिपच्या पाकिटांवरच्या नंबरांच्या चिकटपट्ट्या सोलून वहीत एकाखाली एक चिकटवल्या होत्या आणि पाकिटं त्याच क्रमानं टेबलावर मांडली होती. नेहमीचे डॉक्टर तिच्या शेजारी बसत. त्या दिवशी ते आजारी, म्हणून बदली डॉक्टरीणबाई आल्या. त्या समोर बसल्या, आणि त्या डावखुऱ्या. आपल्या डाव्या हाताकडून एकेक पाकीट उचलत गेल्या. मावशीचं शेवटचं पाकीट त्यांचं पहिलं झालं. टोचल्यावर यंत्र फिरवायचं, हा मावशीचाच नियम. तिनं फिरवलंही. बीप वाजला की बरोबरची खूण करायची. आकडे एकदाही वाचले नाहीत.

म्हणजे दहाच्या दहा ओळी उलट्या. मावशी पट्टी धरून खाली उतरत गेली आणि तिसऱ्या ओळीवर तिचा हात थांबला. तिसरी ओळ घड्याळकाकांची होती, आणि उलट मोजली की तिसरीची आठवी होत होती.

सव्वा महिन्यापूर्वी एक तपकिरी, थोराड कुत्रा निवाऱ्यात आला होता. त्याच्या चिपचा नंबर निघाला आठव्या ओळीचा, एका शिंपीणबाईचा. तिचा फोन बंद, घराला कुलूप. गाव सोडून गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. "माणसं काय, जनावर टाकून जातात," असं म्हणून मावशीनं वहीत 'टाकून दिलेला' लिहिलं आणि नियमाप्रमाणे तीन आठवड्यांनी तो एका जोडप्याला देऊन टाकला.

आणि त्याच तीन आठवड्यांत घड्याळकाकांचा फोन आला होता. घड्याळं दुरुस्त करणारे, एकटे, अठ्ठ्याहत्तरीचे. "आमचा ढब्बू हरवलाय. तपकिरी आहे, एका कानाचं टोक पांढरं..."

"वर्णन नको काका, शिबिरात मी वहीतून लिहून दिलेल्या कार्डावरचा नंबर सांगा."

त्यांनी पंधरा आकडे वाचले. मावशीनं पाहिलं, हा नंबर इथं आलेला नाही. काका म्हणाले, "येऊन एकदा नजर टाकू का?" ती म्हणाली होती, "कशाला गुडघ्यांना त्रास? इथं असता तर मला कळलं असतं." तेव्हा ढब्बू टेलिफोनपासून पंधरा पावलांवर, चौथ्या पिंजऱ्यात बसलेला होता.

बेकरीवाला काय विचारत होता ते मावशीला ऐकूच येईना. खापर फोडायला तिनं डोक्यात माणसं शोधली, डॉक्टरीणबाई, सचिव, नशीब. पण प्रत्येक ओळीपुढची बरोबरची खूण तिच्याच हातची होती.

ती तशीच रिक्षा करून त्या जोडप्याकडे गेली. खरं ते सांगितलं. बाईचे डोळे भरले, नवरा मात्र पट्टा आणायला उठला. कानाचं टोक पांढरं होतं. मावशीनं ते आज पहिल्यांदा पाहिलं.

घड्याळकाकांनी दार उघडलं आणि ढब्बूनं पट्टा हिसडून त्यांच्या पायांत लोळण घेतली. काका भिंतीला धरत खाली बसले. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून त्याच्या कानाचं पांढरं टोक चाचपत राहिले. मावशीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, पाकिटं, टेबल, बीप, चौथा पिंजरा. मग माफी मागितली. काका शिव्या देतील तर बरं, असं तिला वाटत होतं.

काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे तो होता तिथं."

"होता, काका."

"तुम्हाला फोन केल्यावर चार दिवसांनी मला राहवेना. मी फाटकापर्यंत आलो होतो. आतून याचा आवाज ऐकला. अगदी याचाच. मग म्हटलं, बाईंनी वहीत बघून सांगितलंय, आपलेच कान गेले असणार. तसाच परत फिरलो आणि कान तपासून घेतले."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत." काकांनी ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवला. "कान उत्तम, म्हणजे डोकंच गेलं, असं धरून चाललो. लोकांची घड्याळं बिघडवून ठेवीन या भीतीनं दुकान बंद केलं बाई. महिना झाला."

मावशी उंबऱ्यातच खाली बसली.